काकांच्या गेटला कुलूप लागलं, आता घरी जायचं कुठून? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं वाटेवरची आहेत. कुणाचा बोळ बंद झालाय, कुणाच्या शेताचा रस्ता, कुणाची खिडकी. त्यातली चार घेतली आहेत, पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण तसाच प्रश्न ठाण्याच्या जुन्या गावठाणांत आता घराघरात येतोय, जिथे जिथे रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू होतात तिथे तिथे.

प्रश्न : ताई, आम्ही बाळकूमला गावठाणात राहतो. आजोबांच्या जागेची १९८७ साली वडील आणि काका यांच्यात वाटणी झाली, रस्त्याकडची पुढची बाजू काकांना आली आणि मागची आम्हाला. आमच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची घरं आणि भिंती आहेत, त्यामुळे काकांच्या घराला लागून जो चार फुटी बोळ आहे तोच आमचा रस्ता, आधीपासून. काका होते तोवर कधी शब्द निघाला नाही. आता चुलत भावाने त्याची बाजू बिल्डरला द्यायचं ठरवलंय, पेपरात नोटीसही आलीय, आणि गेल्या महिन्यात त्याने बोळाच्या तोंडाला लोखंडी गेट लावून कुलूप घातलं. सकाळी सात ते रात्री दहा उघडं ठेवतो म्हणतो, चावी देत नाही. माझी आई ७४ वर्षांची आहे, वॉकरवर चालते, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि पहाटे पाचचा स्लॉट असतो. वाटणीपत्रात रस्त्याबद्दल एक ओळ नाही. वडिलांनी २००४ मध्ये स्वतःच्या पैशाने बोळात लादी बसवली होती आणि आमची पाण्याची लाईनही त्याच्याखालूनच येते. भाऊ म्हणतो इतकी वर्षं जाऊ दिलं ती माणुसकी होती, हक्क नाही. मित्र म्हणतात कुलूप तोडून टाक. काय करू?

उत्तर : कुलूप तोडू नका. हे आधी सांगते कारण ही एक चूक केलीत तर बाकीची सगळी बाजू चांगली असून तुम्ही आरोपीच्या जागी जाल. आपल्याकडे या विषयाचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून जाण्यासारख्या हक्कांचा, मुख्य कायदा म्हणजे १८८२ चा सुविधाधिकार कायदा, कोर्टात सगळे त्याला इझमेंट अ‍ॅक्टच म्हणतात, आणि त्याच्या कलम ३६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की हक्क असला तरी अडथळा स्वतःच्या हाताने काढायचा नाही. तो कोर्टाकडून काढून घ्यायचा. पहाटे पाचला आईला घेऊन बंद गेटसमोर उभं राहायचं म्हणजे काय होतं ते मला कळतंय, हात शिवशिवतात, तरी नको. त्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढा, तारीख वेळ दिसेल असा, कुलूप, वॉकर, बाहेर थांबलेली रिक्षा सगळं येऊ दे, आणि पोलीस स्टेशनला जाऊन एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवा. पोलीस गेट उघडून देतीलच असं नाही, ते म्हणतील दिवाणी मॅटर आहे, पण कुलूप कधी लागलं याची सरकारी कागदावर तारीख पडते आणि ती तारीख पुढे फार कामाला येते.

आता हक्काचं. दुसऱ्याच्या जागेतून जायचा हक्क आहे असं कुणी म्हटलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, कशाच्या जोरावर? गरज म्हणून, वीस वर्षांची वहिवाट म्हणून, की लिहून दिलंय म्हणून? तिन्हींचे नियम वेगळे, पुरावे वेगळे, आणि लोक तिन्ही एकत्र कालवून दावा टाकतात मग अडकतात.

तुमच्या केसमध्ये गरजेचा हक्क सगळ्यात मजबूत दिसतोय आणि त्याचं कारण ती १९८७ ची वाटणी. कलम १३ सांगतं की एकत्र मालमत्तेची वाटणी झाली आणि एकाच्या हिश्श्याचा उपयोग करायला दुसऱ्याच्या हिश्श्यातून जाणं आवश्यकच असेल तर तो हक्क त्याला मिळतोच. वाटणीपत्रात लिहिलं नाही म्हणून तो जात नाही, उलट लिहायचं राहून गेलं अशा वेळेसाठीच कायद्याने ही सोय ठेवलीय. आपल्याकडची जुनी वाटणीपत्रं बघा, भांडी, दागिने, आंब्याची झाडं सगळं लिहिलेलं असतं, पण जायचं कुठून ते लिहायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण भाऊ भाऊच असतात ना तेव्हा. म्हणजे भावाची माणुसकी होती की नव्हती हा प्रश्नच इथे मुळात येत नाही, वाटणी झाली त्याच दिवशी तुमच्या हिश्श्याला ही वाट चिकटली.

पण गरज म्हणजे खरोखर गरज. दुसरी वाट लांबची आहे, चिखलाची आहे, गैरसोयीची आहे एवढ्यावर चालत नाही, दुसरी वाटच नाही असं दाखवावं लागतं. म्हणून सिटी सर्व्हे ऑफिसमधून प्रॉपर्टी कार्ड आणि नकाशाची नक्कल काढा आणि तुमच्या मागच्या भिंतीपलीकडे नकाशावर एखादी गल्ली किंवा सार्वजनिक गटाराची पट्टी दाखवलीय का ते बघा. असेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला ती दाखवणार आणि तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा कळलं असं होऊ देऊ नका. नसेल तर नकाशा हाच तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार.

दोन गोष्टी तुम्हाला फारशा आवडणार नाहीत, तरी सांगते. गरजेची वाट कुठून द्यायची हे ठरवायचा पहिला अधिकार जागामालकाचा आहे, कलम १४ प्रमाणे, अट एवढीच की ती तुम्हाला वाजवी सोयीची पाहिजे. म्हणजे उद्या बिल्डर म्हणाला की बोळ डावीकडून उजवीकडे घेतो, तेवढाच रुंद, फरशी घालून देतो, तर नाही म्हणायला तुमच्याकडे फार जोर नसेल. आणि दुसरं म्हणजे हा हक्क वाटणीच्या वेळी जेवढी गरज होती तेवढाच. चार फुटाचा बोळ चार फुटाचाच, आता आमच्या दारापर्यंत कार आली पाहिजे असं म्हणता येणार नाही. मात्र सात ते दहाची वेळ लावणं हे मला कुठेच बसताना दिसत नाही. घरात राहायला वेळापत्रक नसतं तर घरी जायच्या वाटेला कसं असेल, आणि तुमच्याकडे तर डायलिसिसची कार्डं आहेत, त्यावर वेळा छापलेल्या असतात, त्या सगळ्या जपून ठेवा.

वीस वर्षांच्या वहिवाटीचा मुद्दा पर्याय म्हणून मांडता येईल. कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापर पाहिजे. गाडी अडते ती हक्क म्हणून या शब्दाशी. परवानगीने केलेला वापर पन्नास वर्षं चालला तरी त्याचा हक्क होत नाही आणि सख्ख्या नात्यात कोर्ट सहज म्हणू शकतं की काकांनी प्रेमाने जाऊ दिलं. म्हणूनच हा मुद्दा दुसरा, पहिला नाही. यात तारखांचं एक पथ्य आहे. वीस वर्षांचा काळ दावा लावायच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेला पाहिजे, म्हणजे वापर बंद पडून दोन वर्षं होऊन गेली की ही बाजू गेली. आणि अडथळा आल्याचं कळूनही वर्षभर गप्प बसलात तर वापरात खंड पडला असं धरतात. तेव्हा भावाला आजच लेखी कळवा की कुलूप आम्हाला मान्य नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर पाठवाच पण स्पीड पोस्टानेही पाठवा.

आणि कृपा करून बोळ आमच्या मालकीचा आहे असं त्यात लिहू नका. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, ठाण्याच्या कोर्टात दावा हरून, त्यांनी रागाच्या भरात दाव्यात लिहिलं होतं की गल्ली आमचीच आहे, मोजणी झाली, गल्ली शेजाऱ्याची निघाली, आणि मग ते म्हणाले बरं मालकी नसेल तर निदान जायचा हक्क तरी द्या. कोर्टाने नाही दिला. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये बच्छज नाहर विरुद्ध निलिमा मंडल या केसमध्ये हेच सांगितलंय, की मालकी सांगून दावा लावला आणि इझमेंटचं मागितलंच नाही तर ते आपणहून देता येत नाही. जागा माझी आणि जागा तुझी पण वाट माझी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कुठली म्हणताय ते आधी ठरवा. त्या गृहस्थांची कागदपत्रं बघितली तर वाटेचा हक्क सहज मिळाला असता इतकी चांगली होती, मला आजही त्याचं वाईट वाटतं.

पुराव्यात काय लागतं? तुमच्या वयाची, तुमच्या वडिलांच्या वयाची माणसं. गल्लीतले म्हातारे शेजारी, गॅस सिलिंडर आणून देणारा, पोस्टमन. जुने फोटो. घरातले लग्नाचे अल्बम काढून बघा, नवरी घराबाहेर पडतानाचा, गौरी आणतानाचा, एखाद्या फोटोत तो बोळ मागे नक्की सापडेल, कपड्यांवरून आणि फोटोच्या मागच्या स्टुडिओच्या शिक्क्यावरून सालही कळतं. आणि साक्षीला स्वतः आई किंवा तुम्ही उभे राहा, कुलमुखत्यारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवू नका. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात आपल्या महाराष्ट्रातलीच एक रस्त्याची केस निकालात निघाली त्यात दावेदाराच्या विरोधात ज्या गोष्टी गेल्या त्यातली एक हीच होती, जे त्यांना स्वतःला माहीत असायला हवं ते मुखत्याराने येऊन सांगितलं, शिवाय वीस वर्षांचा वापर नीट मांडलेला नव्हता आणि जायला दुसरी वाटही होती.

लादीची बिलं सापडली तर शोधा. समजा कोर्टाने म्हटलं की ही नुसती परवानगीच होती, तरी कलम ६० मध्ये आहे की परवानगीच्या भरवशावर एखाद्याने स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी काम केलं तर ती परवानगी मनाला येईल तेव्हा काढून घेता येत नाही. लादी म्हणजे तसं काम होतं का यावर वाद होईल, पण मुद्दा हातात ठेवा. पाईपचं असं की तो वाटणीच्या आधीपासून होता का ते आईला विचारा, आधीचा असेल तर कलम १३ मध्ये त्याच्यासाठीही जागा आहे, नंतरचा असेल तर लादीसारखंच परवानगी आणि खर्च यावर जावं लागेल.

पुढचं काम लगेचचं आहे. पेपरातली जी नोटीस आली ती बिल्डरच्या वकिलाची टायटल, म्हणजे मालकी, क्लिअर आहे का बघायची नोटीस असणार, त्यात हरकत घ्यायला मोजकेच दिवस देतात, बहुतेक वेळा चौदा, आणि नोटिशीतच लिहितात की त्यानंतर कुणाचा हक्क नाही असं समजू. तसं छापल्याने तुमचा हक्क जात नाही पण हरकत पाठवलीत की बिल्डरला नंतर आम्हाला माहीत नव्हतं म्हणता येणार नाही. वाटेचा हक्क जागेबरोबर जातो, मालक बदलला म्हणून तो संपत नाही. तीच हरकत महापालिकेच्या शहर विकास विभागालाही द्या आणि पोच घ्या. मग दिवाणी कोर्टात हक्क जाहीर करून मागायचा आणि तातडीचा मनाई हुकूम, त्याच अर्जात कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी मागायची, कारण गेट उद्या भिंत होऊ शकते. दावा पडला की त्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून घ्या म्हणजे सर्च घेणाऱ्या प्रत्येकाला ती दिसेल.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर आईच्या नावाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, कोर्ट नाक्याला. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हे अजूनही फार जणींना माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगते.

आणि भाऊ बोलायला तयार असेल तर जरूर बोला, बिल्डर आलाय तेव्हा त्यालाही कोर्टकज्जा नकोय, ही तुमच्यासाठी बोलायची चांगली वेळ आहे. पण जे ठरेल ते रजिस्टर करा, नकाशा जोडून, चार फूट, चोवीस तास, खाली पाण्याची लाईन, दुरुस्तीचा खर्च कुणाचा, आणि नवीन इमारत झाल्यावरही हेच लागू. लेखी घेण्यात अजून एक मोठा फायदा आहे तो असा की गरजेचा हक्क गरज संपली की संपतो, उद्या तुमच्या मागून डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, निघाला तर तो हक्क गेला, पण लिहून दिलेला हक्क दुसरी वाट मिळाली म्हणून संपत नाही, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये हिरो विनोथ केसमध्ये हा फरक सांगितलाय.

प्रश्न : राहायला आम्ही कळव्यात, शेती मुरबाड तालुक्यात, दीड एकर भात. शेतात जायची गाडीवाट शेजारच्या जमिनीतून होती, वडील त्यातून बैलगाडी न्यायचे, आता ट्रॅक्टर नेतो. ती जमीन फार्महाऊससाठी विकली गेली, नवीन मालकाने दिवाळीनंतर तारेचं कुंपण घातलं. सगळे म्हणतात कोर्टात वीस वर्षं जातील. पावसाआधी काही होईल का?

उत्तर : होऊ शकतं, पण दिवाळी म्हटलीत तिथेच माझं लक्ष गेलं. शेताच्या रस्त्यासाठी दिवाणी कोर्टाच्या आधी तहसीलदाराकडे जाता येतं, १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, त्याच्या कलम ५ खाली वापरात असलेला रस्ता कुणी अडवला तर तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. कुंपणाचे पहिले खांब कधी रोवले ती तारीख आठवा, मजुरांना पैसे कधी दिले गेले, गावातल्या कुणी फोटो टाकला असेल, काहीही चालेल, आणि सहा महिने भरायच्या आत अर्जावर आवक शिक्का घ्या. मी अशी माणसं बघितलीत जी पाच महिने सरपंचांकडे बैठका करत राहिली आणि मुदत गेल्यावर आली. बैठका करा ना, पण अर्ज टाकून करा.

अर्जाला दोन्ही जमिनींचे सातबारे जोडा, तुमचा आणि ज्याच्यातून जाता त्याचा, आणि गाव नकाशाची नक्कल. नकाशावर गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायवाट एका तुटक रेषेने, तुमची वाट तशी दिसली तर निम्मं काम झालं कारण मग हा कुणाच्या मेहेरबानीचा रस्ता राहत नाही, तो नकाशावरचा रस्ता आहे. नंतर स्थळपाहणी होते, मंडळ अधिकारी येतात, पंचनामा करतात. त्या दिवशी कळव्याहून सुट्टी काढून जा. नुसतं जाऊ नका, गावातले दोन जुने माणसं बरोबर ठेवा आणि जिथे चाकोरी अजून दिसतेय, कडेला दगड लावलेत, झाडाच्या बुंध्याला गाडीचा आस घासून खाच पडलीय, ते पंचनाम्यात लिहून घ्या. पंचनाम्यात जे उतरतं तेवढंच पुढे राहतं, तोंडाने सांगितलेलं सगळं वाऱ्यावर. वाचल्याशिवाय सही करू नका आणि चुकीचं लिहिलं असेल तर सहीच्या वर तसं लिहा.

सहा महिने उलटून गेले असतील किंवा नकाशावर वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं, म्हणजे १९६६ च्या कायद्याचं, कलम १४३ आहे. त्यात तहसीलदार दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या बांधावरून रस्ता देऊ शकतात. इथे विचार वेगळा असतो, जुनी वाट होती का यापेक्षा तुम्हाला शेतात जायला वाजवी रस्ता लागतो का आणि दुसऱ्याचं कमीत कमी नुकसान होऊन तो कुठून देता येईल हे बघतात. त्यामुळे जुनी वाट रानाच्या मधून तिरकी जात असली तरी या कलमात मिळेल ती बांधाने, वळसा घालून. नवीन मालकाला मधली जागा मोकळी हवी असेल तर तोही बांधावरच्या रस्त्याला राजी होतो, माझ्या अनुभवात तडजोडी इथेच होतात. निकाल पटला नाही तर अपील करता येतं किंवा एक वर्षात दिवाणी दावा.

मे २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्त्यांबद्दल निर्णय काढलाय, आता ट्रॅक्टर, हार्वेस्टर जातात म्हणून रस्ता निदान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात करावी असं त्यात आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. आणि रस्ता मिळाल्यावर घरी जाऊन झोपू नका, तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पाठपुरावा करून ती नोंद शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर चढवून घ्या. तुमच्या सातबाऱ्यावर नाही, शेजाऱ्याच्या. कारण उद्या तो फार्महाऊसवाला विकेल तेव्हा घेणारा त्याचाच उतारा वाचणार आहे. तुमच्या वडिलांनी आणि जुन्या मालकाने हे तेव्हाच केलं असतं तर आज कुंपण घालायच्या आधी नवीन मालकानेच तुम्हाला फोन केला असता.

प्रश्न : नेरूळमध्ये आमची सोसायटी आहे. मागच्या सोसायटीतली मंडळी स्टेशनला जायला आमच्या मागच्या छोट्या गेटमधून आत येऊन पुढच्या गेटने बाहेर पडतात, पंचवीसेक वर्षं झाली. मध्ये चोऱ्या झाल्या म्हणून जनरल बॉडीत गेट बंद करायचा ठराव झाला तर ते म्हणतात आता हा आमचा कायदेशीर रस्ता झालाय, हात लावून दाखवा. मी सेक्रेटरी आहे.

उत्तर : नुसती पंचवीस वर्षं झाली म्हणून रस्ता होत नाही. त्यांच्या प्लॉटला स्वतःचा रस्ता आहे ना? सिडकोच्या आखणीत तो असतोच, म्हणजे गरजेचा हक्क संपला, स्टेशन पाच मिनिटं लांब पडतं ही गरज नाही. राहिली वहिवाट. त्यात बघायचं की ते हक्काने येत होते की तुमच्या परवानगीने. तुमच्या मिनिट बुकात जुने ठराव शोधा, गेट रात्री अकराला बंद होतं, वॉचमनने ओळखीच्यांनाच सोडावं, गणपतीत पूर्ण बंद ठेवावं, असं काही लिहिलेलं असेल तर ते सोनं आहे, कारण ज्या गेटची वेळ तुम्ही ठरवत होता ते गेट तुमच्या मर्जीवर चाललं होतं हे त्यातून दिसतं. कायद्यात याला लायसन्स म्हणतात, ते साधारणपणे परत घेता येतं. शिवाय नवी मुंबईत एक वेगळी गुंतागुंत आहे, बहुतेक प्लॉट सिडकोने साठ वर्षांच्या लीजवर दिलेत, म्हणजे त्यांचा आणि तुमचा दोघांचा मूळ मालक एकच. इझमेंट हा आपल्या नसलेल्या जमिनीवरचा हक्क असतो, एकाच मालकाच्या दोन भाडेपट्ट्यांत एकाने दुसऱ्याविरुद्ध वीस वर्षांवर तो मिळवला असं म्हणणं त्यांना अजून जड जाईल. पण आधी तुमचं लीज डीड आणि मंजूर लेआउट नीट वाचा, त्यात त्या पट्टीवर पाथवे किंवा सामायिक रस्ता दाखवलेला असेल तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा, मग गेट लावणंच चूक आहे.

कायद्याने बंद करता येत असेल तरीही मी तुम्हाला ते एका रात्रीत करू नका असंच म्हणेन. त्या वाटेने शाळेची पोरं जातात, एखादे आजोबा संध्याकाळी त्याच वाटेने भाजी घेऊन येतात. त्यांच्या कमिटीला लेखी पत्र द्या, वापर आजवर आमच्या परवानगीने होता, सुरक्षेसाठी अमुक तारखेपासून गेट सकाळ संध्याकाळ ठरावीक वेळेतच उघडं राहील आणि ही परवानगी दर वर्षी नव्याने द्यायची. त्यांनी त्यावर सही केली की त्यांना रस्ता मिळतो आणि तुमचा हक्कही शाबूत राहतो, चोरीचा प्रश्न कार्ड आणि कॅमेऱ्याने सोडवा. सही करणार नाही, हा आमचा हक्कच आहे असं म्हणाले तर मग मात्र बंद करा, आणि लगेच, कारण तसं लेखी म्हणणाऱ्याला पुढेही जाऊ देत राहणं तुमच्या अंगाशी येईल.

प्रश्न : नौपाड्यात जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो, १९७० च्या आधीची बिल्डिंग. शेजारच्या प्लॉटवर टॉवर येतोय, आमच्या बेडरूम आणि किचनच्या खिडक्या अंधारात जाणार. उजेडाचा हक्क असतो म्हणे?

उत्तर : असतो. वीस वर्षं एखाद्या इमारतीच्या खिडकीतून उजेड आणि वारा निर्वेध येत असेल तर इझमेंट अ‍ॅक्टच्या कलम १५ प्रमाणे त्याचा हक्क तयार होतो, आणि यात रस्त्यासारखं हक्क म्हणून वापरलं का हा वाद येत नाही. पण आधी जेवढा उजेड यायचा तेवढाच आला पाहिजे असं मात्र मागता येत नाही. उजेड कमी झाल्याने घराची किंमत ठळकपणे पडली किंवा राहणाऱ्यांच्या आरामात खरी बाधा आली, एवढं नुकसान दाखवावं लागतं. म्हणून आत्ताच, टॉवर प्लिंथवर आहे तोवर, सकाळी दहा, दुपारी बारा, चार अशा वेळांना दिवे बंद ठेवून दोन्ही खोल्यांचे फोटो काढा, किचनच्या ओट्यावर वर्तमानपत्र ठेवून ते वाचता येतं का हे फोटोत दिसू दे. एखाद्या आर्किटेक्टकडून उजेडाचं मोजमाप करून रिपोर्ट घ्या. टॉवर उभा राहिल्यावर आधी किती उजेड होता हे सिद्ध करायला काहीच उरत नाही, आणि वीस मजले झाल्यावर कोर्ट सहसा पाडायला लावत नाही, नुकसानभरपाईकडे वळतं. महापालिकेकडून माहिती अधिकारात मंजूर नकाशाही मागवा, तुमच्या बाजूला सोडायचं सामासिक अंतर कागदावर किती आहे आणि जागेवर किती सोडलंय ते टेप लावून बघा. अंतर कमी भरलं तर उजेडाच्या दाव्याआधी ती तक्रार करा, ती लवकर ऐकली जाते.